मॉडिफाय केलेला चेनसॉ दम सोडतोय? कार्बोरेटरचा स्क्रू सगळ्यात शेवटी

परभणी, लातूर, बीडकडे बांधावरची बाभूळ काढणारे, मोसंबी-आंब्याच्या बागेची छाटणी घेणारे, वखारीला लाकूड पुरवणारे बरेच जण ५२ किंवा ५८ सीसीचं स्वस्तातलं मशीन घेतात आणि थोड्याच दिवसांत ते कुणाकडून तरी 'उघडून' घेतात. सायलेन्सरला जास्तीचं भोक, सिलिंडरखालची पॅकिंग काढलेली, कुठं पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली हवा-धुराची भोकं) रुंद केलेले, कुठं २२ इंची बार (साखळी फिरते ती पट्टी) चढवलेला. सुरुवातीला मशीन जोरात पळतं. मग तक्रारी सुरू होतात. रेस घेईना, लाकडात घातलं की बसतंय, तापलं की उठंना. आणि हातात पेचकस असलेला प्रत्येक माणूस आधी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो.

नव्यानं हे काम शिकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा. मॉडिफाय केलेल्या मशीनचा दोष बहुतेक वेळा जिथं हात लागलेला असतो तिथंच असतो. तो न शोधता स्क्रू फिरवला तर दोष झाकला जातो, आणि पुढं पिस्टनच जातो.

तपासणी करताना प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. मशीन चालू करायचं झालं तर जमिनीवर टेकवून, पाय मागच्या हँडलमध्ये रोवून, चेन ब्रेक लावूनच दोरी ओढा. डोळ्यांना चष्मा आणि कानाला मफ हवेतच. सायलेन्सर उघडलेल्या मशीनचा आवाज कान कायमचे खराब करू शकतो.

इंजिनाच्या आधी साखळी

'मशीन बसतंय' म्हणून दुकानात येणाऱ्या कित्येक मशीनांचं इंजिन ठणठणीत असतं. कापताना काय बाहेर पडतंय ते बघा. धारदार साखळी कपच्या फेकते. पिठासारखी पूड पडत असेल तर ती बोथट झालीय. वेडी बाभूळ किंवा जुना लिंब मातीसकट बुडातून कापला तर धार जायला एक दिवसही लागत नाही. ०.३२५ पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचात) साखळीला ४.८ मिमीची गोल कानस लागते, ३/८ पिचला ५.२ किंवा ५.५ मिमीची.

उलटाही प्रकार होतो. दाताच्या पुढं जो बुटका भाग असतो, रेकर, तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. 'जास्त खाईल' म्हणून कुणी तो खोलवर घासला की साखळी लाकडाला चावून धरते, इंजिन गुदमरतं आणि माणूस म्हणतो पावर गेली. मशीनही जास्त उसळतं, ते वेगळंच.

मग मशीन बंद ठेवून, ब्रेक सोडून, जाड हातमोजा घालून साखळी हातानं ओढून बघा. अडखळत असेल तर ब्रेकचा पट्टा घासतोय, बारची खाच भुशानं भरलीय किंवा साखळीपर्यंत ऑईल पोचत नाहीये. इंजिन ओरडतंय आणि साखळी मात्र लाकडात थांबतेय, असं असेल तर क्लच घसरतोय. यातलं काहीही असलं तरी कार्बोरेटरचा काही संबंध नाही.

काय काय बदललंय, ते लिहून काढा

मशीन दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर ही पायरी अजिबात टाळू नका. विकणारा सगळं सांगतोच असं नाही. प्रत्येक बदलाची एक ठरलेली किंमत असते, ती कळली की शोध निम्म्यावर येतो.

सायलेन्सर उघडला की जळालेला धूर लवकर बाहेर पडतो आणि सिलिंडरमध्ये ताजी हवा जास्त येते. कार्बोरेटर मात्र जुन्याच हिशोबानं पेट्रोल देत राहतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, यालाच मिस्त्री लोक 'लीन' म्हणतात. चारस्ट्रोक गाडी लीन झाली तर गरम होते, झटके देते. आपलं चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यात ऑईलही पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळं पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं. फसवं असं की लीन मशीन सुरुवातीला जास्त फेरे घेतं, आवाज तीक्ष्ण होतो, मालक खूश होतो. सायलेन्सरचं एकूण तोंड इंजिनाच्या एक्झॉस्ट पोर्टच्या साधारण ८० टक्क्यांपेक्षा मोठं करू नये, असा जुना अंदाज आहे. त्याहून मोठं केलं तर आवाज वाढतो, ओढ उलट कमी होते. आतली ठिणगी अडवणारी जाळी कुणी काढून फेकली असेल तर ती परत बसवा. उन्हाळ्यात पाचट आणि पऱ्हाट्या पेटायला एक ठिणगी पुरते. नव्या भोकाचं तोंड टाकीकडं किंवा प्लास्टिककडं वळलेलं नाही ना, हेही बघा. तसं असेल तर टाकीतलं पेट्रोल तापतं आणि मशीन ऐन कामात दम सोडतं.

सिलिंडरखालची पॅकिंग काढली की सिलिंडर खाली बसतो आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढतं. पण पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मधली फट किती उरली, हे मोजलेलं असतं का? प्लगच्या भोकातून सोल्डरिंगची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घाला, दोरीनं इंजिन सावकाश एकदा फिरवा, तार बाहेर काढून चेपलेलं टोक व्हर्निअरनं मोजा. पिस्टन पिनच्या दोन्ही बाजूंना मोजा. ०.५ मिमीच्या खाली असेल तर पूर्ण रेसला पिस्टन हेडला टेकण्याची भीती असते. दुसरी अडचण जास्त नेहमीची आहे. पॅकिंगऐवजी जे सीलंट लावतात ते पेट्रोल सहन करणारं नसेल किंवा पृष्ठभाग नीट पुसलेला नसेल, तर तिथून हवा आत ओढली जाते. त्याबद्दल पुढं सविस्तर.

पोर्ट घासून रुंद केलेले असतील तर कडा गोलसर मारलेल्या आहेत का ते बघा. धारदार कडेत किंवा फार रुंद पोर्टमध्ये रिंगचं टोक अडकतं. फ्लायव्हीलची चावी घासून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढं घेतलेलं असेल तर दोरी हिसका मारते, कधी बोटं झिणझिणतात, आणि इंजिन विनाकारण तापतं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात कॉम्प्रेशनही वाढवलेलं आणि टायमिंगही पुढं, ही जोडी मला पटत नाही. नवी चावी स्वस्त मिळते, ती टाका आणि फरक बघा.

हवा मोकळी यावी म्हणून फिल्टरचं कापड काढून नुसती जाळी ठेवणारेही भेटतात. काळ्या मातीची धूळ बारीक असते, ती जाळीतून सरळ आत जाते. अशा मशीनला ताकद कमी पडते ती झिजलेल्या रिंगमुळं. तिथं ट्यूनिंग करून काही होत नाही.

पेट्रोल आणि ऑईल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच भागातला ऊस शेवटी टाकीत येतो म्हणायचा. पण इथेनॉलसोबत ऑक्सिजन येतो, त्यामुळं तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. जुन्या पेट्रोलवर बसवलेलं कार्बोरेटर या पेट्रोलवर थोडं लीन चालतं. आधीच सायलेन्सर उघडलेला असेल तर दोन्ही लीनपणा एकत्र येतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, पावसाळ्यात अर्धा कॅन तसाच पडून राहिला तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसतं. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले पडदे यामुळं फुगतात, ताठ होतात.

संशय आला की आहे ते पेट्रोल काढून ताजं मिश्रण घाला. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत २५:१ लिहिलेलं असतं, म्हणजे एक लिटरला ४० मिली. जासो एफडी या जपानी दर्जाचं चांगलं २टी (टू-स्ट्रोकचं) ऑईल असेल आणि पुस्तिका परवानगी देत असेल तर ४०:१ म्हणजे २५ मिली किंवा ५०:१ म्हणजे २० मिली चालतं. मॉडिफाय केलेल्या मशीनला मी ५०:१ वर जाणार नाही. मात्र 'अजून थोडं ऑईल ओता, पिस्टन वाचेल' हेही खरं नाही. ऑईल वाढलं की त्याच मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी झालं, शिवाय एक्झॉस्ट आणि जाळी काजळीनं बुजते. मोटारसायकलचं चारस्ट्रोक इंजिन ऑईल तर कधीच नको.

मिश्रण बाटलीत अंदाजे करू नका. मोजपट्टीची बाटली स्वस्तात मिळते.

पेट्रोलचा रस्ता

मशीन सुरू होतं, काही मिनिटं चालतं, मग हळूहळू मरतं. टाकीचं झाकण सैल केलं की परत जिवात येतं. हे लक्षण दिसलं तर टाकीचा श्वास बुजलाय, म्हणजे हवा आत यायचं बारीक भोक किंवा व्हॉल्व्ह. पेट्रोल जातंय पण त्याच्या जागी हवा येत नाही, आत पोकळी तयार होते. व्हॉल्व्ह साफ करा किंवा बदला, संपलं.

टाकीतलं फिल्टर तारेच्या हुकनं बाहेर ओढून बघा, काळं-चिकट झालं असेल तर बदला. नळी वाकवून बघा, बारीक तडे वाकवल्यावरच दिसतात. कार्बोरेटर उघडलात तर आतली बारीक जाळी आणि मीटरिंग पडदा तपासा; पडदा बोटानं दाबल्यावर मऊ हवा, कागदासारखा खडखडणारा नको. क्रँककेसमधल्या दाबाचे धक्के कार्बोरेटरमधल्या पेट्रोल पंपाला पोचवणारी इम्पल्स नळी किंवा भोक उघडं असलं पाहिजे. पॅकिंग बदलताना इम्पल्सचं भोक सीलंटनं बुजलं, असं बऱ्याचदा होतं, आणि मग पंपच काम करत नाही.

प्लग आणि कॉईल

प्लगचा रंग बघायचा तर मशीन पूर्ण रेसवर लाकडात चालवून लगेच बंद करा, मग काढा. स्लोवर, म्हणजे रेस न देता, भकभकवून काढलेला प्लग काहीच सांगत नाही. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर लीन. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. फट ०.५ ते ०.६ मिमी ठेवा.

थंड असताना झकास, अर्ध्या तासानं बंद, गार झालं की परत सुरू. अशा वेळी मशीन गरम असतानाच ठिणगी तपासा. पण पेट्रोल सांडलेलं नसावं आणि प्लगच्या भोकापासून दूर धरून. गरम असताना ठिणगी नसेल तर कॉईल संपलीय. असेल तर दोष दुसरीकडं, बहुतेक पेट्रोल तापण्यात. कॉईल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर ०.२५ ते ०.३ मिमी असावं; व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून कॉईल आवळली की ते जमतं.

कॉम्प्रेशन आणि पिस्टनचा चेहरा

मशीन दोरीच्या मुठीला धरून उचला. वजनानं ते झटकन खाली घसरत असेल तर कॉम्प्रेशन कमी. नीट मोजायचं तर प्लगच्या जागी गेज लावा, रेस पूर्ण दाबून ठेवा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. १५० पीएसआयच्या वर असेल तर चांगलं, ११० च्या खाली असेल तर रिंग-बोअर बघावं लागेल. पॅकिंग काढलेल्या मशीनचा आकडा नेहमीपेक्षा जास्त दिसला पाहिजे. तो साधाच दिसत असेल तर समजा कुठं तरी झीज आहे. कार-बाईकच्या गेजचा व्हॉल्व्ह नळीच्या मागच्या टोकाला असेल तर लहान इंजिनात ते कमी दाखवतं, व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशी असलेलं गेज घ्या.

सायलेन्सर काढा, पिस्टन वर नेऊन पोर्टमधून टॉर्च मारा. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे चरे असतील तर लीन किंवा अति तापलं. सगळीकडून घासलेला असेल तर बिनऑईलचं पेट्रोल कुणी तरी घातलंय. कार्बोरेटरकडच्या बाजूला निस्तेज, घासट असेल तर फिल्टरमधून धूळ येतेय. चरे खोल असतील तर पुढची कुठलीही ट्यूनिंग करू नका.

हवेची गळती, जिथं बहुतेक जण फसतात

सीलंटवर बसवलेला सिलिंडर, गरम सायलेन्सरशेजारचा रबरी इनटेक बूट (कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला जोड), क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑईल सील. यातल्या कुठल्याही जागेवरून खोटी हवा आत आली की मशीन लीन होतं. हे पटकन ओळखायची खूण म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन लगेच स्लोला न येता वर रेंगाळतं, स्लो कधी चढतो कधी उतरतो. मशीन स्लोवर ठेवून डाव्या-उजव्या कुशीवर कलवा. फेरे बदलत असतील तर क्रँक सीलवर संशय घ्या. या अवस्थेत स्क्रू उघडून पेट्रोल वाढवलं की मशीन तात्पुरतं शांत होतं. इथंच फसगत आहे. गळती तापमानाप्रमाणं कमी-जास्त होते, म्हणून सकाळी बसवलेला स्क्रू दुपारी चुकीचा ठरतो.

खात्री करायची तर दाब देऊन बघा. कार्बोरेटर काढा, इनटेक आणि एक्झॉस्टवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवून पट्टीनं आवळा, प्लग घट्ट बसवा. इम्पल्सच्या वाटेनं हवा भरा. महागडं यंत्र नसलं तरी दवाखान्यातल्या जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि गेज छान काम करतं. ३०० मिमीपर्यंत नेलं की साधारण ०.४ बार दाब होतो, तेवढा पुरे. अर्धा मिनिट तरी काटा हलता कामा नये. उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशनं लावत जा: सिलिंडरचं बूड, बूटच्या कडा, प्लग, फ्लायव्हील आणि क्लचच्या मागची सील. बुडबुडा आला तिथं दोष. काही सील दाबाला धरतात आणि ओढीला सोडतात, म्हणून मिळाल्यास व्हॅक्यूम पंपानंही तपासा. चालू, गरम मशीनवर कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत अनेक जण सांगतात. उघड्या सायलेन्सरच्या मशीनवर ती करू नका, आग लागते.

आता स्क्रू

वरचं सगळं निर्दोष निघालं तरच इथं या. फिल्टर स्वच्छ, साखळी धारदार आणि बरोबर ताणलेली, ताजं पेट्रोल. एल (स्लोच्या पेट्रोलचा) आणि एच (पूर्ण रेसच्या पेट्रोलचा) दोन्ही स्क्रू हळूच बंद होईपर्यंत फिरवा. आवळू नका, टोकानं जागा खराब होते. मग दोन्ही एकेक आटा उघडा. सायलेन्सर उघडलेल्या मशीनला एच सुरुवातीलाच दीड आटा दिला तरी चालेल. काही कार्बोरेटरच्या स्क्रूवर प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या फिरणं अडवतात. मॉडिफाय केलेल्या मशीनला त्या काढाव्याच लागतात.

मशीन दोन-तीन मिनिटं चालवून गरम करा. आधी एल. सावकाश आत-बाहेर करून स्लो सगळ्यात वर जातो ती जागा शोधा आणि तिथून आठवा हिस्सा आटा उघडा. रेस झटकन दाबल्यावर मशीन अडखळत असेल तर एल अजून किंचित उघडा. भकभकत, धूर सोडत चढत असेल तर किंचित बंद करा. मग स्लोचा तिसरा स्क्रू असा लावा की इंजिन चालू राहील पण साखळी पूर्ण थांबेल. साखळी स्लोवर फिरत असेल तर ते मशीन कुणाच्या हातात देऊ नका.

एच नेहमी जास्त पेट्रोलच्या बाजूनं बसवायचा. उघडत उघडत इतका न्या की पूर्ण रेसला मशीन स्पष्ट जड, भकभक आवाज करेल. मग आटा थोडा थोडा बंद करत, दर वेळी दोन-तीन सेकंदच रेस देत ऐका. हवेत रेस दिल्यावर आवाजात हलकी भकभक राहिली पाहिजे आणि लाकडात घातल्यावर ती जाऊन सरळ, एकसुरी आवाज आला पाहिजे. हवेतही शिट्टीसारखा स्वच्छ आवाज असेल तर लीन आहे, लगेच उघडा.

यात एक खोडा आहे. काही नव्या कॉईलमध्ये फेरे मर्यादित करणारं सर्किट असतं. फेरे वाढले की ते ठिणगी तोडतं आणि तोही आवाज भकभकीसारखाच येतो. नवखा माणूस समजतो पेट्रोल भरपूर आहे आणि अजून बंद करतो. एच अर्धा आटा उघडून बघा. फेरे खाली येऊन आवाज जड झाला नाही, तीच भकभक राहिली, तर ती कॉईलची आहे. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर असेल तर वाद मिटतो. या मशीनांचा स्लो साधारण २७०० ते ३२०० च्या दरम्यान असतो. वरचा आकडा पुस्तिकेतला पाळा, त्याच्या पुढं जायचा हट्ट करू नका.

मे महिन्याच्या दुपारी, ४२ अंशांत बसवलेला एच डिसेंबरच्या पहाटे चुकीचा असतो. थंड हवा दाट असते, तेवढ्याच पेट्रोलमध्ये मशीन लीन पडतं. हंगाम बदलला की परत ऐका. लांब बार चढवलेला असेल तर ट्यूनिंग करताना तोच बार आणि नेहमीचं लाकूड वापरा, कारण ५८ सीसीला २२ इंची बार बाभळीच्या गाभ्यात मुळातच जड जातो, १८ इंचीवर तेच मशीन तुम्हाला नवं वाटेल.

एवढं करूनही ओढ येत नसेल तर जुना सायलेन्सर आणि पॅकिंग परत बसवून मशीन मूळ अवस्थेत चालवून बघा. मूळ अवस्थेत चांगलं चाललं तर दोष बदलात आहे आणि एकेक बदल परत करत तो सापडतो. मूळ अवस्थेतही तसंच चाललं तर फ्लायव्हील धरून वर-खाली हलवा. क्रँकला खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय, ते काम प्रेस असलेल्या मिस्त्रीकडंच न्या.